सीझरच्या रोमातील घड्याळ

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकात कटाची रात्र रंगविणारा एक प्रवेश आहे. ब्रूटसच्या बागेत कटवाले जमलेले आहेत, उद्याच्या हत्येची आखणी चालू आहे, आणि एवढ्यात घड्याळाचे ठोके पडतात. ब्रूटस सर्वांना गप्प करतो आणि ठोके मोजावयास सांगतो. कॅशिअस सांगतो की, तीन वाजले. प्रेक्षकांच्या अंगावर शहारा येतो आणि प्रवेश पुढे सरकतो. पुढे केव्हातरी एखाद्या चिकित्सक वाचकाच्या मनात शंका उभी राहते. सीझरचा वध इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी झाला. त्या काळच्या रोममध्ये छायायंत्रे होती, पाण्याची घटिकायंत्रे होती; पण ठोके देणारे यांत्रिक घड्याळ युरोपात अवतरले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस. मग ब्रूटसच्या कानांवर पडलेले ते ठोके कोणत्या घड्याळाचे?

ज्या काळी जी वस्तू, जी कल्पना वा जी चालरीत अस्तित्वातच नव्हती ती त्या काळाच्या चित्रात आणून बसविणे, यास कालविपर्यास म्हणतात. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी प्राचीन रोमवर जी नाटके लिहिली गेली, ती अशा विपर्यासांनी अक्षरशः भरलेली आहेत. त्याच ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझर लोकांपुढे आपली इंग्रजी धर्तीची बंडी उघडून गळा पुढे करतो. कटवाले टोप्या कानांपर्यंत ओढून येतात. ब्रूटस रात्री वाचावयास बसतो तेव्हा पुस्तकाचे दुमडलेले पान शोधतो. वास्तविक त्या काळचे रोमन लोक गुंडाळीच्या स्वरूपातील ग्रंथ वाचीत, आणि गुंडाळीला दुमडण्याजोगे पान नसते. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात इजिप्तची राणी वेळ जात नाही म्हणून दासीला बिलियर्ड खेळावयास बोलावते. ‘कोरिओलेनस’ची कथा इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील, परंतु त्यातील मेनीनिअस गेलन या वैद्याच्या औषधांचा दाखला देतो. गेलन जन्मला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. म्हणजे सहाशे वर्षांनंतर जन्मावयाच्या वैद्याची कीर्ती मेनीनिअसच्या कानी आधीच पोहोचली होती!

हा दोष एकट्या शेक्सपिअरचा म्हणावा, तर तसेही नाही. टॉमस लॉज याने मॅरिअस आणि सुला यांच्या यादवीवर एक नाटक लिहिले. ते १५९४ साली छापले गेले. त्यात मॅरिअसला ठार मारावयास पाठविलेला गॉल देशाचा मारेकरी चक्क फ्रेंच धाटणीचे मोडके इंग्रजी बोलतो. गॉल म्हणजे पुढचे फ्रान्स, एवढा धागा लेखकाला पुरेसा वाटला. टॉमस हेवुड याचे लुक्रीसच्या कथेवरील नाटक १६०८ साली प्रसिद्ध झाले. टार्क्विन राजांच्या रोममध्ये त्यातील एक सरदार कोण कोणत्या दारूच्या गुत्त्यात जातो याचे गाणे म्हणतो, आणि त्या गुत्त्यांची नावे ऐकून लंडनकर श्रोत्यांना आपल्याच पेठेत असल्यासारखे वाटावे. ‘टायटस अँड्रोनिकस’ या नाटकातील एका दृश्याचे रेखाचित्र उपलब्ध आहे. ते १५९५ च्या सुमाराचे मानले जाते. त्यात टायटस रोमन पद्धतीच्या वेषात उभा आहे आणि त्याच्या मागचे शिपाई एलिझाबेथ राणीच्या काळातील पोशाखात भाले घेऊन उभे आहेत. एकाच रंगमंचावर दीड हजार वर्षांचे अंतर खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नव्हते.

हे सारे केवळ अज्ञानातून झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच वेळी, त्याच शहरात बेन जॉन्सन हा नाटककार होता. त्याचे ‘सेजेनस’ हे नाटक १६०३ मध्ये रंगभूमीवर आले. टायबेरिअस बादशहाच्या मर्जीतील एका सरदाराच्या उदयास्ताची ही कथा. जॉन्सनने टॅसिटस आदी रोमन इतिहासकारांचे ग्रंथ पालथे घातले आणि १६०५ मध्ये नाटक छापले तेव्हा प्रत्येक पानाच्या समासात आधारांची टिपणे दिली. या नाटकात काम करणाऱ्या प्रमुख नटांच्या यादीत खुद्द शेक्सपिअरचे नाव आहे. एवढ्या विद्वत्तेचे फळ काय मिळाले? प्रेक्षकांनी नाटक पाडले. शिवाय लेखकाला राजाच्या मंत्रिमंडळापुढे जाब द्यावा लागला. त्याच्यावर राजद्रोहाचा आणि पोपपक्षपाताचा संशय घेण्यात आला. रोममधील मर्जीबहाद्दरांचे, हेरांचे आणि खोट्या खटल्यांचे जे चित्र त्याने काढले होते, ते लंडनच्या दरबाराला आपलेच वाटले असावे.

जॉन्सनच्या या अनुभवात एक महत्त्वाचे सूत्र दडलेले आहे. घड्याळ, टोपी, पुस्तक यांविषयी कितीही दक्षता बाळगली, तरी प्रेक्षागृहात बसलेला माणूस आजचाच असतो. नाटक जुन्या काळात घडते, पण पाहिले जाते आजच्या काळात. म्हणून ऐतिहासिक आणि पौराणिक नाटकात दोन काळ सदैव एकमेकांवर रेलून उभे असतात. त्यांतील अंतर झाकण्याचा जो यत्न करतो त्यालाही ते झाकता येत नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास हेच सांगतो. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक ताफा सांगलीस आला. त्यांचे खेळ पाहून राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आले की, असे काही मराठीत व्हावे. आणि विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा जन्मच अशा रीतीने कानडी मुलुखाच्या ऋणातून झाला. पुढे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ ही संगीत नाटके दिली. ‘सौभद्रा’तील द्वारका कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर प्रामाणिक उत्तर असे द्यावे लागेल की, ती समुद्रात बुडालेली द्वारका नव्हे, ती एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मराठी वाड्यात आहे. बलरामाचा तापट वडीलकीचा तोरा, कृष्णाची मिस्कील मध्यस्थी, लग्न जमविण्यातील रुसवेफुगवे, हे सारे त्या काळच्या मराठी घरांतून उचललेले आहे. म्हणूनच ते जिवंत आहे.

वेषभूषेचा विचार केला तर सीझरच्या बंडीशी तोलणारी उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ सापडतील. मराठी पौराणिक नाटकांतील नायिका नऊवारी शालू नेसून, नाकात नथ घालून रंगभूमीवर येत. राजा रविवर्म्याच्या चित्रांनीही पुराणातील स्त्रियांना महाराष्ट्रीय पद्धतीचे लुगडे नेसविले आणि ती छापील चित्रे घराघरांत पोहोचली. परंतु नथ ही किती प्राचीन? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील साक्षेपी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी या एका दागिन्याच्या इतिहासावर १९३८ च्या सुमारास स्वतंत्र निबंध लिहिला. प्राचीन संस्कृत वाङ्मयात आणि जुन्या शिल्पांत नाकातील दागिना दिसत नाही; त्याचे उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीनंतरच आढळू लागतात, असा या संशोधनाचा रोख आहे. म्हणजे रुक्मिणीच्या नाकातील नथ आणि ब्रूटसच्या कानांवर पडणारे ठोके ही एकाच जातीची गोष्ट होय. आणि वाद्यांचे काय? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ मध्ये घेतले गेले. ‘सीतास्वयंवरा’च्या आदल्याच वर्षी! तीच पेटी, आणि पुढे तिचा थोरला भाऊ ऑर्गन, मराठी संगीत नाटकाचा प्राण होऊन बसला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटक आले आणि बालगंधर्वांची रुक्मिणी लोकांनी डोक्यावर घेतली. विदर्भाची राजकन्या युरोपीय वाद्याच्या साथीवर गाते आहे याची आठवण तेव्हा कोणालाही झाली नाही, आणि झाली असती तरी त्या गाण्याची गोडी कमी झाली नसती.

इथवरचे विपर्यास निरुपद्रवी आहेत. ते बहुधा सवयीने झाले, आणि प्रेक्षकाला कथा आपलीशी वाटावी म्हणून झाले. परंतु कालविपर्यासाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात वस्तू बदलत नाही, अर्थ बदलतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारताच्या विराटपर्वातील. अज्ञातवासात सैरंध्री झालेल्या द्रौपदीची कीचक विटंबना करतो, धर्मराज संयमाचा उपदेश करतो, आणि अखेर भीम कीचकाचा वध करतो. यात पुराणाला सोडून असे वरवर काहीच नव्हते. पण नुकतीच बंगालची फाळणी होऊन गेली होती, आणि लॉर्ड कर्झनची उद्दाम राजवट लोकांच्या डोळ्यांपुढे ताजी होती. खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तील सहकारी. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कर्झन पाहिला, द्रौपदीच्या जागी भारतमाता पाहिली, धर्मराजात नेमस्त आणि भीमात जहाल पाहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात या रूपकाची नोंद केली. आणि त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली.

‘सेजेनस’ आणि ‘कीचकवध’ ही नाटके तीनशे वर्षांच्या अंतरावरची, दोन वेगळ्या भूमींवरची. पण दोहोंचे नशीब एकाच धाग्याने विणलेले दिसते. सत्ताधाऱ्याला आजच्या गोष्टी उघडपणे बोललेल्या खपत नाहीत. अशा वेळी नाटककार जुन्या काळाचा पडदा पुढे ओढतो. पडदा पातळ असतो, आणि तो पातळ आहे हे प्रेक्षकालाही ठाऊक असते. येथे कालविपर्यास हे अज्ञानाचे चिन्ह राहत नाही. ते परतंत्र माणसाच्या हातातील शस्त्र होते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू बंगळूर शहराने दाखवून दिली आहे. मराठी नाटकाला ज्या कानडी परंपरेने पहिली प्रेरणा दिली, तिच्याच आधुनिक शाखेने या शहरात काळाशी नानाविध खेळ केले. त्यागराज परमशिव कैलासम् हे बंगळूरचे विनोदी नाटककार. लंडनला भूगर्भशास्त्र शिकून आलेले हे गृहस्थ कानडीत मध्यमवर्गीयांची इंग्रजीमिश्रित बोली रंगभूमीवर आणण्यासाठी प्रसिद्ध आहेत. अनेक नाटके ते तोंडी सांगत आणि इतरजण उतरवून घेत. याच लेखकाने एकलव्य, कर्ण, भरत यांच्यावर इंग्रजीत नाटके लिहिली. आणि त्या इंग्रजीला वळण दिले ते शेक्सपिअरच्या काळचे. महाभारतातील वीर एलिझाबेथकालीन इंग्रजी बोलू लागले! शेक्सपिअरने रोमन माणसाला लंडनचा पोशाख चढविला होता. कैलासमांनी हस्तिनापूरच्या माणसाला लंडनची जुनी वाणी दिली. यामागे थट्टा नव्हती. पुराणपुरुषांना रोजच्या बोलीपेक्षा उंच, दूरची वाटेल अशी भाषा हवी, आणि विद्यार्थिदशेत कानांत भरलेली उंच भाषा कोणती, तर शेक्सपिअरची, असा तो सरळ हिशेब असावा.

कन्नड नवकाव्याचे आद्य प्रवर्तक बी. एम. श्रीकंठय्या यांनी दुसरी वाट धरली. सोफोक्लीझच्या ‘एजॅक्स’ या ग्रीक शोकान्तिकेचा साचा त्यांनी महाभारतातील अश्वत्थाम्याला लावला आणि १९२९ मध्ये ‘अश्वत्थामन्’ हे नाटक लिहिले. परंपरेने ज्याला चिरंजीव मानले त्याला ग्रीक नियतीच्या हाती सोपविणे हे धाडसच होते. ज्यांना पुराणाची मर्यादा प्रिय त्यांना ते खटकावे हे स्वाभाविक. पण दुःखाची जात एकच आहे, ही जाणीव त्या प्रयोगाने कन्नड वाचकाला करून दिली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात हा प्रश्न गिरीश कार्नाड यांनी सर्वांत तीव्रपणे मांडला. माथेरान येथे १९३८ मध्ये जन्मलेले आणि आयुष्याचा उत्तरकाळ बंगळूरमध्ये घालवून तेथेच २०१९ मध्ये निवर्तलेले कार्नाड मराठी रसिकाला परके नाहीत. त्यांचे ‘तुघलक’ हे नाटक १९६४ चे. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले, आणि १९७१ मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचा आरंभ याच नाटकाच्या प्रयोगाने झाला. मराठी श्रोत्याला त्याचे आणखी एक अगत्य आहे. सुलतान महंमद ज्या दौलताबादेस राजधानी नेऊ पाहतो तो देवगिरीचा किल्ला आपल्याच मुलुखात आहे.

इतिहासाच्या कसोटीवर ‘तुघलक’ घासून पाहिले तर त्यात ठळक कालविपर्यास आढळतात. नाटकाचा काळ १३२७ पासून पुढच्या पाचसहा वर्षांचा. त्यात आरंभीच ऐन-उल-मुल्काचे बंड होते. इतिहासात हे बंड १३४० च्या सुमाराचे. नाटकाच्या अखेरीस अब्बासी खलिफांचा वंशज सुलतानाच्या भेटीस येतो. तोही इतिहासात पुष्कळ नंतर आला. कार्नाडांनी सुमारे पंधरा वर्षांच्या घटना मुठीत आवळून एकत्र केल्या. हे अज्ञान खचित नव्हते. कारण नाटकात झियाउद्दिन बरनी हा त्या काळाचा इतिहासकार पात्र म्हणून उभा आहे, आणि त्याच्या ग्रंथाचा लेखकाने बारकाईने अभ्यास केलेला दिसतो. स्वप्ने मोठी, बुद्धी तल्लख, आणि तरीही हाती येते ते उद्ध्वस्त राज्य. अशा सत्ताधीशाची शोकान्तिका दाखवावयाची तर घटनांचा वेग वाढविणे भाग होते. पहिल्या प्रेक्षकांना त्यात स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांतील आशा आणि निराशा दिसली. १९७० च्या दशकाच्या आरंभी इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या पुराना किल्ल्याच्या अवशेषांत या नाटकाचे गाजलेले प्रयोग केले. तो किल्ला सोळाव्या शतकाचा. चौदाव्या शतकातील सुलतान दोनशे वर्षांनंतर बांधलेल्या भिंतींपुढे वावरला, आणि प्रेक्षक विसाव्या शतकाचा विचार करीत घरी गेले.

बंगळूरच्या जुन्या बाजारपेठेजवळ टिपू सुलतानाचा लाकडी वाडा आहे. तो १७९१ मध्ये पुरा झाला. या सुलतानाने आपली स्वप्ने स्वतःच्या हाताने फारसीत लिहून ठेवली होती. त्या टिपणवहीच्या आधारे कार्नाडांनी बीबीसीसाठी एक नभोनाट्य लिहिले. ते स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, प्रसारित झाले. त्यातही किरमाणी नावाचा दरबारी इतिहासकार आणि कॉलिन मॅकेन्झी हा ब्रिटिश संग्राहक यांना त्यांनी समोरासमोर बसविले. इतिहास कोण लिहितो, कोणाच्या सोयीने लिहितो, हा प्रश्नच तेथे नाटकाचा विषय झाला. नभोनाट्यात ना पोशाख दिसतो ना नथ. तेथे काळाची सारी जबाबदारी शब्दावर येऊन पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. कालविपर्यास क्षम्य केव्हा, आणि अक्षम्य केव्हा? यासाठी वस्तूचा विपर्यास आणि मनाचा विपर्यास यांत भेद करणे आवश्यक आहे. शेक्सपिअरचे घड्याळ चुकले. परंतु टॉमस नॉर्थ याने १५७९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या प्लूटार्कच्या चरित्रांवरून त्याने रोमन मन मात्र अचूक टिपले. ब्रूटसला असलेली घराण्याच्या कीर्तीची चाड, पराभवापेक्षा आत्महत्या बरी मानणारा तो ताठा, मित्रप्रेम आणि लोकहित यांतील त्याची ओढाताण, ही लंडनच्या बाजारातून उचललेली नाहीत. याउलट एखाद्या नाटककाराने तलवारी, मुद्रा, पागोटी सारी संग्रहालयातून पारखून घेतली, आणि त्या पोशाखात आपल्याच पक्षाचा पुढारी बोलता केला, तर वस्तू खऱ्या असूनही काळ खोटा ठरतो. कोणतेही बाह्य चिन्ह चुकलेले नसल्याने प्रेक्षक अशा नाटकावर अधिक विश्वास ठेवतो. म्हणून हा विपर्यास अधिक घातक. घड्याळ चुकले हे शाळकरी मुलालाही दाखवून देता येते. मन चुकले हे दाखविण्यास जाणता वाचक लागतो.

भारतीय भाषांत आज ऐतिहासिक नाटके, चित्रपट आणि मालिका विपुल निघतात, आणि त्यांवरून वादही विपुल होतात. हे वाद बहुधा पोशाखाभोवती, एखाद्या नाचाभोवती, एखाद्या वाक्याभोवती घुटमळतात. त्यांच्या गदारोळात खरा प्रश्न मागे पडतो. कलावंताने काळाची मोडतोड केली काय, एवढे विचारून भागत नाही. ती कशासाठी केली, आणि ती केल्याचे तो प्रेक्षकापासून लपवितो काय, हे विचारले पाहिजे. खाडिलकरांचा पडदा पातळ होता आणि त्यांच्या प्रेक्षकाला त्यातून आरपार दिसत होते. कार्नाडांनी इतिहासकारालाच रंगमंचावर आणून बसविले आणि त्याच्या साक्षीने काळ वाकविला. दोघांनीही प्रेक्षकाला जाणता मानले. जेथे प्रेक्षकाला अजाण ठेवून भूतकाळ विकला जातो, तेथे मात्र कलेचे स्वातंत्र्य ही ढाल अपुरी पडते.

प्रेक्षकाचीही काही जबाबदारी आहेच. ‘तुघलक’ पाहून कोणी चौदाव्या शतकातील सनावळी पाठ करू लागला, तर दोष नाटकाचा नव्हे. सनावळीसाठी बरनीचा ग्रंथ आहे, शिलालेख आहेत, नाणी आहेत, गोड्यांसारख्या संशोधकांचे निबंध आहेत. नाटक त्या सुलतानाचे एकाकीपण देते, आणि ते कोणत्याही शिलालेखात सापडत नाही. ज्याला दोन्ही हवे आहेत त्याने दोन्ही दारे ठोठावावीत. त्यांतील एक बंद करून दुसऱ्यातून सारे मिळावे, असा हट्ट मात्र धरू नये.